हेल्मेटचा पट्टा सैल ठेवायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर 'रायडर मुलांच्या आईवडिलांनी अवश्य वाचावे' आणि खाली 'मिरजेचे एक ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञ'. नाव नाही, दवाखान्याचा पत्ता नाही. माझ्या ताईला तो कुणीतरी पाठवला. तिने काळजीपोटी लेकाला पाठवला. आणि माझा भाचा डर्ट ट्रॅकच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीच्या सरावाला हेल्मेटचा पट्टा न लावता उतरला. विचारलं तर म्हणतो, "मामा, मान वाचते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय."

मिरजेच्या डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही. बेळगाव-विजापूरकडूनही लोक पेशंट घेऊन मिरजेला येतात, तो विश्वास पिढ्यांचा आहे. तोच विश्वास वापरून कुणीतरी पोरांच्या जिवाशी खेळतंय, म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. हेल्मेटच्या वजनामुळे पडताना मान मोडते. म्हणून पट्टा सैल ठेवावा, म्हणजे हेल्मेट निघून जातं आणि मान सुटते. एअरबॅगचे सूट वगैरे कंपन्यांचा धंदा आहे, मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत, फाबियो क्वार्तारारो या रायडरने भर शर्यतीत सूट उघडला तरी त्याला काही झालं नाही. हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, उन्हात चक्कर येते. आणि शेवटी, सगळं घालूनही मरणारे मरतातच.

आधी मानेचं बघू. मेसेजमध्ये लिहिलंय की दीड किलोचं हेल्मेट वेगात पन्नास किलोचं होतं. तोच हिशोब डोक्याला लावा. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, म्हणजे या गणिताने ते दीडशे किलोचं झालं. हेल्मेट काढलं तरी ते ओझं मानेवरच राहणार. वजन किती आहे यापेक्षा डोकं किती झटक्यात थांबतं, यावर दुखापत ठरते. हेल्मेटच्या कवचाखाली जाड थर्माकोलसारखा थर असतो. आपटल्यावर तो चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडी जागा, थोडा जास्त वेळ मिळतो. तो थर नसेल तर हे चेपण्याचं काम कवटी करते.

मानेचा हा दावा मेसेजवाल्याने शोधून काढलेला नाही, तो जुना आहे. १९८६ साली अमेरिकेत एका अभ्यासाने म्हटलं होतं की एका मर्यादेपलीकडच्या जोराच्या धडकेत हेल्मेटमुळे मानेची दुखापत वाढू शकते. तेवढंच वाक्य धरून पुढची कित्येक वर्षं हेल्मेटसक्तीला विरोध झाला. २०११ मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तिथल्या ट्रॉमा नोंदींतले, म्हणजे गंभीर जखमींच्या नोंदींतले, मोटरसायकल अपघातांचे चाळीस हजारांहून जास्त जखमी तपासले. हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या मणक्याच्या दुखापतीची शक्यता २२ टक्क्यांनी कमी निघाली. वाढली नाही, कमी झाली. हे अपघात रस्त्यावरचे आहेत, ट्रॅकवरचे नाहीत, हे मान्य. पण 'हेल्मेटनेच मान मोडते' म्हणणाऱ्याने याच्या तोडीचं काहीतरी पुढे ठेवावं. नाव नसलेले डॉक्टर चालणार नाहीत.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या चढउतारांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, मानेच्या दुखापती होतात, आणि वाईट होतात. उडीवरून गाडी पुढच्या चाकावर उतरली की रायडर डोक्यावर येतो. दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर क्रिस लेट यांनी २००१ मध्ये सोबतच्या एका रायडरचा अपघाती मृत्यू पाहिला. त्यांनी त्यावर हेल्मेटखाली, खांद्यावर बसणारा नेक ब्रेस, म्हणजे मानेचा आधार, बनवला. डोकं एका मर्यादेपलीकडे वाकू लागलं की हेल्मेटची कड त्या ब्रेसवर टेकते आणि जोर खांद्यांवर, छातीवर जातो. म्हणजे हेल्मेट डोक्यावर घट्ट असेल तरच ब्रेस काम करतो. मानेची खरीच काळजी असणाऱ्याने हे सांगितलं असतं.

आता पट्टा. सगळ्या मेसेजमध्ये माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते या सल्ल्यावर. भाच्याचं हेल्मेट मी हातात घेतलं तर पट्ट्याचं टोक गालाच्या पॅडखाली नीट दुमडून खोचलेलं होतं. धावपळीत राहून गेलं असतं तर गोष्ट वेगळी, हे त्याने ठरवून केलं होतं. पट्टा नसेल तर हेल्मेट पहिल्याच आपटीत जातं, आणि डर्ट ट्रॅकवर माणूस एकदाच आपटत नाही. आपटतो, लोळतो, परत आपटतो. वर स्वतःची गाडी अंगावर येते आणि मागून दुसऱ्यांच्या गाड्या येत असतात. पहिला धक्का अर्धवट हेल्मेटने घेतला आणि उरलेले सगळे उघड्या डोक्याने.

शर्यतीच्या हेल्मेटला दोन कड्यांचा पट्टा असतो. तो दोन्ही कड्यांमधून घ्यायचा, बाहेरच्या कडीवरून वळवून आतल्या कडीतून परत काढायचा आणि खेचायचा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग दुसऱ्याने मागची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ढकलून बघावं. सुटून आलं तर ते हेल्मेट घालून गाडीवर बसू नये. हे भाच्याकडून करून घेतलं तेव्हा त्याचं हेल्मेट पट्टा लावूनही सरकत होतं, कारण ते एक नंबर मोठं होतं, मित्राकडून घेतलेलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी आतला थर चेपलेला असू शकतो, आणि चेपलेला थर परत फुगत नाही. असं हेल्मेट मित्राचं असलं तरी घेऊ नये.

कंपन्यांच्या धंद्याचं म्हणाल, तर शर्यतीत हेल्मेट एका डॉक्टरने आणलं. एरिक गार्डनर हे इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकचे डॉक्टर. डोकी फुटलेले रायडर बघून बघून त्यांनी कॅनव्हास आणि लाखेचं हेल्मेट करवून घेतलं आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल शर्यतीत ते सक्तीचं झालं. कंपन्या पैसे कमावतात हे खरं, हेल्मेट-सूट महाग आहेत हेही खरं. पण मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे. सूटमधले सेन्सर रायडरचा तोल गेलेला ओळखतात आणि जमिनीला टेकण्याआधी खांदे आणि गळपट्टीच्या हाडांभोवती हवा भरतात. २०१३ मध्ये इटलीतल्या मुजेलो ट्रॅकवर सरावात एअरबॅगचा सूट घातलेला मार्क मार्केझ हा रायडर ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर असताना गाडीवरून गेला आणि त्याच रविवारी शर्यतीत उतरला.

क्वार्तारारोची क्लिप खरी आहे. जून २०२१, बार्सिलोना. सूटची चेन उघडली आणि त्याने छातीचं संरक्षक काढून फेकून दिलं. मेसेजने फक्त पुढचं कापलं. त्याबद्दल त्याला शर्यतीनंतर तीन सेकंदांचा दंड झाला आणि त्याचा निकालातला क्रमांक घसरला. काही झालं नाही, कारण तो पडला नाही.

ऐकू न येण्याचा आणि न दिसण्याचा मुद्दा मोटरसायकल अपघातांवरच्या १९८१ च्या हर्ट अहवालातच निकालात निघालाय, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नऊशे अपघातांची जागेवर पाहणी करून. उन्हाचा त्रास मात्र खरा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी आपल्याकडे दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर आली तेव्हा उकाड्याने जगातले सर्वोत्तम रायडर हैराण झाले, हॉर्हे मार्टिन तर शर्यतीनंतर कोसळला. त्या शर्यतीत आयोजकांनी फेऱ्या कमी करून २१ केल्या. सूट काढायची सवलत कुणालाही दिली नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सराव पहाटे ठेवा, पाणी द्या, फेऱ्या कमी करा.

राहिलं 'सगळं घालूनही मरतात'. हो, मरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा गेला. २०११ मध्ये मलेशियातल्या सेपांगला मोटोजीपीचा रायडर मार्को सिमोन्चेल्ली गेला, मागून आलेल्या गाड्यांच्या धडकेत. अंगावर गाडी आली तर त्यापुढे कोणताही सूट पुरा पडत नाही, हे मी मान्य करतो. पण त्यावर उपाय पट्टा सोडणं नाही. २०२१ मधल्या कोवळ्या रायडरांच्या अशाच मृत्यूंनंतर मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेने मोटोजीपीच्या वर्गांसाठी किमान वय वाढवून १८ केलं.

आपल्या भागात मैदान सपाट करून, चुन्याच्या रेघा मारून स्पर्धा होतात. तिथे पालकांनी विचारायचं ते हे: अँब्युलन्स मैदानावर उभी आहे का, की फोन केल्यावर येणार? वळणावर प्रेक्षक ट्रॅकच्या किती जवळ आहेत? कुणी पडला तर झेंडा दाखवायला प्रत्येक वळणावर माणूस आहे का? आणि स्टार्टला प्रत्येक पोराचा पट्टा हाताने ओढून कोण बघतं? या चारपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर प्रवेश फी परत मागा आणि पोराला घरी आणा.