शुद्ध पोटॅशियम क्लोराइड म्हणजे सर्वांसाठी सुरक्षित मीठ नव्हे

‘99 टक्के शुद्ध पोटॅशियम क्लोराइड मिठाऐवजी वापरा, रक्तदाब उतरेल, अपाय काहीच नाही’ असा संदेश फिरतो आहे. त्यातला रक्तदाबाचा भाग अर्धा खरा आहे. चीनच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरणाऱ्यांचा रक्तदाब आणि पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही घटले. पण त्या मिठात साधारण 75 टक्के नेहमीचे मीठच होते, पोटॅशियम क्लोराइड फक्त उरलेला भाग.

‘अपाय नाही’ हे मात्र धोकादायक आहे. शुद्ध म्हणजे भेसळ नाही, इतकेच. जास्तीचे पोटॅशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती कमजोर असतील तर ते रक्तात साठते, हृदयाचे ठोके बिघडतात, कधी हृदय बंदही पडते. आधी लक्षणे जाणवतीलच असे नाही. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनाही हा धोका आहे, आणि ही औषधे अनेकदा रक्तदाबाच्याच रुग्णांना दिली जातात! पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ वापरण्याची जागतिक आरोग्य संघटनेची 2025 ची शिफारसही मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि मुले यांच्यासाठी नाही.

खताच्या दुकानातले पोटॅश हेही मुख्यतः पोटॅशियम क्लोराइडच. ते स्वयंपाकघरात मुळीच आणू नका. कमी सोडियमचे मीठ घ्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का, हे यावरून कळते) आणि पोटॅशियम तपासून घ्या.