संगणक झोपवण्याची साधना

रात्री लिनक्सचा डेस्कटॉप चक्क शटडाउन करता? आणि सकाळी सगळे टॅब पुन्हा उघडत बसता? शोभतं का हे! हायबरनेट शिका, म्हणजे सगळं उघडं ठेवूनच मशीन बंद करायला. दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवले की झालं.

सुरुवात सस्पेंडने, म्हणजे नुसत्या डुलकीने करा. ते बहुतेकदा चालतं, त्यामुळे नको तितका आत्मविश्वास येतो. काम सगळं रॅममध्येच राहतं, रॅमपुरती वीज सुरू असते. पंखे थांबतात, तुम्ही समाधानाने उठता, टेबलाला गुडघा लागतो, माउस हलतो आणि पंखे पुन्हा सुरू. काही लोक अशा वेळी माउस उलटा करून ठेवतात. तुम्ही इतक्या सोप्या मार्गाने जाऊ नका. मशीनला कोण उठवू शकतं याची एसीपीआयची (वीज सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) वेकअप यादी उघडा, त्यात एक्सएचसी हा यूएसबीचा कंट्रोलर शोधा आणि यूएसबीलाच गप्प करा. आता माउसने मशीन उठणार नाही. कीबोर्डनेही नाही. शिवाय रीबूट केलं की मशीन ही आज्ञा विसरणार, ते वेगळंच.

आता खरं काम. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, लिहून वीज पूर्ण बंद होते. इन्स्टॉल करताना ‘१६ जीबी रॅम असताना स्वॅप कशाला’ म्हणत २ जीबीवर भागवलं होतंत ना? भोगा. झेडरॅम ही दाबून बसवलेली स्वॅप आहे म्हणाल, तर ते रॅममध्येच असतं. रॅममधलं सामान रॅममध्येच लपवून मग वीज घालवायची, कल्पना धाडसी आहे.

तेव्हा मोठी स्वॅप फाइल करा. मग ती डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते, हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगावं लागतं, कारण जागं होताना त्याला फाइल दिसत नाही, नुसते ब्लॉक दिसतात. त्यासाठी फाइलफ्रॅग ही कमांड चालवा. पहिल्या ओळीतला फिजिकल ऑफसेटचा पहिला आकडा घ्या, लॉजिकलचा नको, आणि मागचे दोन टिंब तर मुळीच नकोत. तो रिझ्यूम ऑफसेट म्हणून ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या बूटलोडरमध्ये, घाला, सोबत फाइल ज्या पार्टिशनवर आहे तिचा यूयूआयडी, म्हणजे तिची ओळखसंख्या. डिस्कवरची फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल तर हा आकडा चुकीचा. तिथे त्याची स्वतःची कमांड आहे. हे आकडा घालून झाल्यावरच कळलं पाहिजे, अशी प्रथा आहे.

आकडा चुकला तर मशीन झोपायलाच नकार देतं. ते तरी प्रामाणिक. इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना आधी चढणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, रिझ्यूमचा (झोपेतून उठवण्याचा) टप्पा घालायचा राहिला, तर मात्र ते रात्री इमानदारीने सगळं डिस्कवर लिहितं, बंद होतं आणि सकाळी कोरं करकरीत लॉगिन दाखवतं. जणू कालचा दिवस उजाडलाच नव्हता.

सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय, शेवटी तपासा. तो चालू असेल तर अनेक डिस्ट्रोंचा (लिनक्सच्या आवृत्त्यांचा) कर्नल लॉकडाउन या कडक बंदोबस्तात जातो आणि हायबरनेट मुळातच बंद असतं. हे आधी पाहिलं तर वरचं सगळं करायचं राहून जाईल.

आणि एका सकाळी ते खरंच जमेल. बटण दाबताच कालचा डेस्कटॉप जसाच्या तसा, कर्सरसुद्धा त्याच जागी. चाळीसच्या चाळीस टॅब उघडे. त्यातले छत्तीस हायबरनेट कसं करायचं याचे.