गणपती चिकटला तरच गाडी

कॅम्पर व्हॅनच्या जाहिरातीत मूल कधीच नसतं. कॉर्नवॉलचा कडा असतो, मावळतीचं ऊन असतं, टपावर सर्फिंगची फळी असते आणि उघड्या दारात पाय सोडून एक जोडपं इनॅमलच्या मगातून काहीतरी पीत असतं. त्या दोघांचे कपडे कोरडे असतात. मागून "बाबा, मला शू" असा आवाज येत नसतो, सीटच्या फटीत केळं चेपलेलं नसतं. आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहणारी माणसं. घरात सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आई. तरीही तो फोटो बघून मी म्हणालो, "आपल्याला अशीच हवी."

बायको म्हणाली, "अशीच म्हणजे? गाडी, की ते जोडपं?"

ती अकाउंटंट आहे. शाळेला सुट्टी लागली की समुद्राकाठच्या कॉटेजची भाडी कुठल्या कुठे जातात, आणि शाळा चालू असताना पोरांना फिरायला न्यावं तर आईबापांना दंड होतो, हा हिशोब तिनेच मला कधीतरी मांडून दाखवला होता. त्यामुळे चाकांवरचं घर घ्यायला तिची ना नव्हती. जुनी घ्यायलाही नव्हती. अट एकच: दोन्ही मुलं त्यात कायद्याने बसली पाहिजेत. "एवढंच ना?" असं म्हणून मी कामाला लागलो.

आता जुनी कॅम्पर म्हटलं की फोक्सवॅगनच आधी समोर येते. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्याने १९४७ साली वहीच्या पानावर एक खोकं काढलं. मागे इंजिन, पुढे ड्रायव्हर आणि मध्ये सगळी मोकळी जागा. १९५० पासून ती गाडी कारखान्यातून बाहेर पडायला लागली. पहिली पिढी दुभंगलेल्या काचेची, ती १९६७ पर्यंत. मग एकसंध, बाकदार काचेची दुसरी, जर्मनीत १९७९ पर्यंत. ब्राझीलवाले मात्र तिचंच भावंड २०१३ पर्यंत बनवत राहिले. त्यानंतर आली चौकोनी चेहऱ्याची तिसरी, जिला इंग्लंडात टी-ट्वेंटी-फाइव्ह म्हणतात. पिढीगणिक गाडी कुरूप होत गेली आणि त्याच प्रमाणात स्वस्तही. पहिल्या पिढीची किंमत ऐकल्यावर बायकोने मला फक्त घराच्या कर्जाचं शेवटचं स्टेटमेंट दाखवलं. आम्ही दुसऱ्या पिढीवर उतरलो.

वय मात्र चाळिशीच्या पुढचंच हवं होतं, आणि ते केवळ हौसेपोटी नाही. माणसाची चाळिशी उलटली की तपासण्या सुरू होतात. इथे गाडीची चाळिशी उलटली की बंद होतात. रोड टॅक्स माफ होतो, आणि गाडीत फार मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही माफ. लंडनच्या प्रदूषण क्षेत्रात आमच्या शेजाऱ्याची २०१३ ची डिझेल गाडी दिवसाला साडेबारा पौंड भरते आणि जिच्या मागे उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी येतं ती १९७६ ची व्हॅन फुकट जाते. हे कुणाला सुचलं माहीत नाही, पण त्याच्या घरी एक जुनी व्हॅन असणार.

जाहिराती वाचायची एक नजर लागते. 'थोडं काम बाकी' म्हणजे खाली पत्रा नाही. 'शेवटची उभी केली तेव्हा चालू होती' म्हणजे ती उभी कधी केली ते विचारू नका. आणि प्रत्येक व्हॅनला नाव. डेझी, ब्लूबेल, पॉपी. नाव असलं की दोन हजार पौंड जास्त, हा बायकोचा निष्कर्ष. बिननावाची कुठे मिळते का बघ, असं ती सांगायची.

पहिली डेझी डॉर्सेटमध्ये होती. फिकट निळी, वर पांढरी, आणि मालक एक निवृत्त गृहस्थ, डोक्यावर चपटी टोपी. गंज ओळखायची सोपी रीत म्हणजे लोहचुंबक. पत्र्याला तो धरतो. पत्रा गंजून गेला असेल आणि तिथे पुट्टी थापून वरून रंग मारला असेल तर धरत नाही. आमच्या घरात हाताशी आलेला चुंबक फ्रिजवरचा होता, सिद्धिविनायकाचा. मी डेझीपाशी गुडघे टेकले आणि गणपती लावला. दारावर घट्ट बसला. मागच्या चाकाच्या कमानीवर लावला, तर क्षणभर थांबून निवांतपणे घसरत गवतात गेला. दाराखालच्या पत्र्यावर तर तो टेकायलाच तयार नव्हता.

आई मागे उभी होती. "अरे, देव नको म्हणतोय."

"अगं आई, पुट्टी आहे ती."

"मग मी वेगळं काय म्हणतेय?"

तेवढ्यात माझं लक्ष मालकाकडे गेलं. आपल्या गाडीची पूजा चालली आहे अशी त्याची समजूत झाली होती. त्याने टोपी काढून छातीशी धरली होती. गणपती पुन्हा गवतात पडल्यावर त्याने तो स्वतः उचलून, पुसून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला. त्या माणसाला 'तुमच्या गाडीला पत्रा नाही' हे सांगणं मला काही जमेना. बायकोला जमलं.

पण डेझी बाद झाली ती गंजामुळे नव्हे. गंज काढता येतो, वेल्डिंग करता येतं, खिसा रिकामा करता येतो. ती बाद झाली सीटबेल्टमुळे. आत मागच्या बाजूला एक आडवं बाक होतं, भिंतीला पाठ लावून बसायचं, बेल्ट नाही. जाहिरातीत त्याला 'चारजणांची बैठक' म्हटलं होतं. बायकोने पर्समधून कागद काढला. इथला नियम असा: मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, त्याला चाइल्ड सीट लागते. ती आडव्या तोंडाच्या बाकावर बसवता येत नाही. नुसता कमरेचा पट्टा असेल तर बहुतेक सीटा चालत नाहीत, खांद्यावरून येणाराही हवा. जुन्या गाडीत मुळात बेल्टच नसतील तर तीन वर्षांखालच्या मुलाला त्यात न्यायला सरळ बंदी. "म्हणजे धाकट्याने डेझीच्या मागून चालत यायचं," असं म्हणून तिने कागदाची घडी घातली.

तेव्हापासून मला कुणीही विचारलं की मी हेच सांगतो: पोरं असतील तर इंजिन नंतर बघा, आधी मागच्या सीटवर जाऊन बसा. ती कुठल्या दिशेला बघते आणि तिचा पट्टा कशात अडकवलाय ते तपासा. लाकडी कपाटात अडकवलेला पट्टाही मी पाहिला आहे. अपघातात मूल, सीट आणि डाळ-तांदळाचं कपाट हे सगळं एकत्रच पुढे आलं असतं. पुढच्या सीटची तर बातच नको. दुसऱ्या पिढीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो. त्याच्या गुडघ्यांपुढे एक पत्रा आणि पत्र्यापुढे इंग्लंड.

इंजिनही बघावं लागतंच. ते मागे, पलंगाच्या खाली असतं. हवेवर थंड होणारं, १६०० सीसीचं, साधारण पन्नास अश्वशक्तीचं. पेट्रोलच्या रबरी नळ्या त्याच्या डोक्यावरून जातात. नळी जुनी होऊन चिरली की पेट्रोल तापलेल्या इंजिनावर, आणि या गाड्या नेमक्या अशाच पेटतात. नवीन ई-टेन पेट्रोल, म्हणजे जास्त इथेनॉल मिसळलेलं, जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे कमी इथेनॉलचं महागडं ई-फाइव्हच भरायचं. नळ्या कधी बदलल्या, या प्रश्नाला जो मालक पावती दाखवेल तो खरा. बाकीचे पडद्यांचं कापड दाखवतात.

सॉमरसेटमधल्या पॉपीचे पडदे फार सुरेख होते. तिला बेल्टही होते आणि गणपतीही बऱ्यापैकी चिकटला. मी चक्कर मारायला मागितली. स्टिअरिंग एवढं मोठं आणि इतकं आडवं, की आईने विचारलं, "हे काय, जातं बसवलंय?" दळल्यासारखंच फिरवावं लागत होतं. जवळच पॉरलॉक हिल आहे, चारात एक असा चढ. मालक म्हणाला, शेजारून टोलचा रस्ता आहे, थोडे पैसे पडतात पण सोपा आहे. मी म्हटलं, चढ बघायलाच तर आलोय. दुसऱ्या गिअरमध्ये निघालो, पहिल्यावर आलो. मागे गाड्यांची रांग लागली. एक सायकलवाला शेजारी आला, आत डोकावून मुलांकडे बघून हसला आणि पुढे गेला. "खंबाटकीत आपली एसटी बरी चढते रे," आई म्हणाली. आवाजाच्या नादात दोन्ही मुलं गाढ झोपली होती, हा मात्र या गाड्यांचा गुण. कितीही पैसे मोजले तरी नवीन गाडीत असा आवाज मिळत नाही.

वर पोचल्यावर मालकाने झोपायची व्यवस्था दाखवली. मागची सीट पाडली की आमचा पलंग, रुंदी चार फुटांच्या आसपास. छत वर उचललं की थोरलीची फळी. धाकट्यासाठी ड्रायव्हरच्या सीटांवर दोन दांड्यांना ताणलेली कापडी झोळी. ही झोळी जुन्या कॅम्परमध्ये खरोखर मिळते, आणि धाकटा तिच्यात शिरला तो बाहेर यायला तयार होईना. मग बायकोने विचारलं, "ह्याला रात्री शू लागली तर?" पोर्टेबल संडास होता की. कुठे? मागच्या पलंगाच्या खालच्या कप्प्यात. म्हणजे धाकट्याला झोळीतून काढायचं, आम्ही उठायचं, पलंगाची सीट करायची, आणि खडखडाटाने थोरली उठून म्हणणार, मलाही. शू एकाला, उठायचं सगळ्यांनी.

"आणि तो कप्पा कुठे उघडतो?" आईने विचारलं. उघडत होता तो शेगडीच्या बरोबर खाली. आईने एकदा शेगडीकडे, एकदा कप्प्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. तिने काही बोलायची गरजच नव्हती.

स्वयंपाकाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. शेगडी दोन बर्नरची असते, पण छत मिटलेलं असताना तिच्यावर कुकर ठेवला की शिटी थेट छताला लागते. छत उघडलं तर वर कापड. मी एका मालकिणीला सहज विचारलं, यात फोडणी दिली तर चालेल का, आणि फोडणी म्हणजे काय तेही सांगितलं: कडकडीत तेल, मोहरी, हिंग. ती बाई पट्ट्यापट्ट्यांच्या त्या कापडाकडे बघत राहिली. नंतर तिने कळवलं की गाडी विकायचा विचार सध्या सोडला आहे.

शेवटी डेव्हनमध्ये एक बदामी रंगाची टी-ट्वेंटी-फाइव्ह मिळाली, १९८४ ची. तिच्या सौंदर्याबद्दल कुणीही कधी काही म्हटलेलं नसावं. टपावर फायबरचं उंच, न हलणारं छत. त्यामुळे समोरून ती कायम थोडी आश्चर्यचकित दिसते. पण मागची सीट पुढे तोंड करून होती, खांद्यावरून येणारे दोन पट्टे गाडीच्या सांगाड्यात बोल्ट मारून बसवलेले आणि त्या कामाची पावती. आई आत ताठ उभी राहिली. कुकर राहिला, वर शिटीला जागा. संडासाचा कप्पा मागे, शेगडीपासून दूर. इंजिन १.९ लिटरचं, पाण्यावर थंड होणारं. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, म्हणून पाण्याच्या लांबलचक नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात, त्या तेवढ्या वाकून बघाव्या लागल्या. मालकीण सत्तरीच्या आजीबाई. माफी लागू झाल्यावरही त्यांनी एमओटी करून घेतली होती, सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले. बायको ती फाइल चाळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी लग्नातही पाहिले नव्हते. गणपती सगळीकडे चिकटला. पुढच्या मडगार्डपाशी जरा घसरला, पण आईने तिथे स्वतः बोटाने दाबून धरला आणि "चालतंय" म्हणाली.

"गाडीचं नाव काय?" थोरलीने विचारलं.

"व्हॅन," आजीबाई म्हणाल्या.

बायकोने तिथेच पैसे ट्रान्सफर केले.

परत येताना बायको कार घेऊन पुढे गेली, मी आणि आई व्हॅनमध्ये. चढावर लोक मागून हॉर्न देतील ही धास्ती होती, पण ए-३०३ वर स्टोनहेंजपाशी नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या, आणि त्या रांगेत आमचा वेग कुठल्याही बीएमडब्ल्यूइतकाच होता. समोरून एक नारिंगी, बाकदार काचेची फोक्सवॅगन आली आणि तिच्या ड्रायव्हरने हात हलवला.

"कोण रे तो? ओळखीचा?"

"नाही गं. या गाडीवाल्यांची पद्धत आहे, एकमेकांना हात करायची."

"असं होय," म्हणून आई सावरून बसली. तिथून पुढे समोरून येणाऱ्या प्रत्येक व्हॅनला तिने हात केला. पार्सलवाल्यांना केला, प्लंबरला केला, शिड्या बांधलेल्या एका ट्रान्झिटला केला, घोडे नेणाऱ्या गाडीला केला. मी सांगून पाहिलं की फक्त फोक्सवॅगनला करायचा असतो.

"ते मला कुठलं ओळखू येतंय? आणि बघ की, तो प्लंबर उलट हात करतोय."

करत होता खरा.