गोव्यात गुलाम नव्हते म्हणे!

‘गोव्याच्या मुलांना गुलामगिरी आणि वंशद्वेष शिकवण्याची गरज नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक फॉरवर्ड सध्या पालकांच्या गटांतून फिरतो आहे. मी तो न वाचताच पुसत होतो. पण डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात समाजशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या बहिणीने नववीला जुन्या गोव्यातल्या गुलामबाजारावर प्रकल्प दिला, आणि एका पालकाने हाच मजकूर छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. प्रकल्प थांबला. तेव्हा उत्तर देणं आलं.

फॉरवर्डचा पहिला मुद्दा, हा अमेरिकेचा विषय आहे. इंग्रजांच्या व्हर्जिनियात आफ्रिकी माणसं विकायला आणली गेली १६१९ साली. त्याच्या किती तरी आधीपासून मोझांबिकची माणसं गोव्यात विकली जात होती. पुढे चला.

दुसरा, पोर्तुगीजांनी १७६१ मध्येच गुलामगिरी बंद केली. लिहिणाऱ्याने कुठेतरी काहीतरी वाचलंय, एवढं कबूल. पोर्तुगालचा तेव्हाचा प्रधान पोंबाल, त्याचा तो हुकूम खरा आहे, पण तो खुद्द पोर्तुगालात आणलेल्या गुलामांपुरता होता. वसाहतींमधल्या गुलामव्यापारावर बंदी आली १८३६ साली, आणि गुलामगिरी कायद्याने संपली १८६९ मध्ये. तीही सुटलेल्यांना आणखी काही वर्षं जुन्याच धन्याला बांधून ठेवून. शंभरावर वर्षं फॉरवर्डवाल्याने एका ओळीत गिळली.

आता तिसरा, ज्याने माझं डोकं खरं फिरलं: ‘गोव्यातले गुलाम घरातल्या माणसांसारखे राहत.’

लिन्सखोतेन नावाचा डच माणूस १५८३ ते १५८८ गोव्यात होता, आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून. म्हणजे पोर्तुगीजांच्या घरात उठबस असलेला. १५९६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो लिहितो, की रुआ दिरैता या हमरस्त्यावर सणवार सोडून रोज सकाळी लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, आणि त्याच बाजारात बायका, पुरुष, पोरं. आपल्याकडे जनावरं विकतात तशी, असं तोच म्हणतो. घरातल्या माणसाला कोण असं उभं करतं?

पुढचं वाचवत नाही, पण वाचायलाच हवं. धनी पुष्कळ गुलाम बाळगत, कारण पोसायला खर्च थोडा आणि कमाई धन्याची. कुणी शहराजवळच्या बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी मडक्यांतून शहरात विकायचं. तरण्या, देखण्या मुलींना मुरंबे देऊन रस्त्यावर धाडायचे; गिऱ्हाईक मुरंब्यापेक्षा मुलीसाठी येतं हे मालकाला ठाऊक असे. हे ‘घरातलं माणूस’ ज्याने टाइप केलं, त्याने आधी हे पान उघडावं.

चौथा, आपल्याकडे वंशद्वेष नव्हता. १७८७ चा पोर्तुगीजांविरुद्धचा पिंटोंचा उठाव शाळेत शिकवतोच ना? गोमंतकीय पाद्रींना वरच्या जागा नाकारल्या जात होत्या, हे त्यामागचं एक मोठं कारण. आणि फार मागे कशाला जायचं! २०१३ साली पर्वरीला नायजेरियनांनी महामार्ग अडवला, त्यानंतर इथल्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सर म्हटलं होतं. नंतर माफी मागितली म्हणा.

शेवटचा, मुलांच्या मनावर परिणाम होतो. इथे नाइलाजाने अर्धं मान्य. वर्गात लिलावाचं नाटक बसवणं, त्यात रंगाने काळ्या पोराला गुलाम करणं, असले प्रकार कुणी करणार असेल तर मीच विरोध करीन. पण त्याला उपाय नीट शिकवणं हा आहे. लिन्सखोतेनच्या पुस्तकात त्या बाजाराचं चित्र आहे. ते मुलांपुढे ठेवा आणि विचारा, विकतंय कोण, घेतंय कोण, छत्री कुणाच्या डोक्यावर आणि धरलीय कुणी? सगळं पाप फिरंग्यांच्या माथी मारूनही सुटका नाही. पेशव्यांच्या पुण्यात कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री होत होती, दप्तरात नोंदी आहेत. तेही त्याच तासाला सांगा.

आणि ‘ती माणसं आता उरली कुठे’ असं फॉरवर्डच्या तळाला विचारलंय. घाट चढून कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळला जा. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींमध्ये गोव्यातून पळालेल्या गुलामांचे वंशज आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण कोकणी बोलतात. शाळेची बस एका दिवसात जाऊन येईल. वॉटरपार्क एक वर्ष राहू द्या.