कंबरेची अपंगत्व पेन्शन: ‘विषय संपला’ म्हणणारा संदेश चुकीचा आहे

बार्शीपासून मंगळवेढ्यापर्यंत माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: “कंबरेचा आजार वयाचा असतो. बोर्डाने ‘सेवेमुळे नाही’ लिहिले आणि सहा महिने उलटले की विषय संपला. फार तर नवा एमआरआय जोडून बघा.” बोर्ड म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणारे लष्करी वैद्यकीय मंडळ. हे वाचून लोक हक्क सोडून देतात, म्हणून हे उत्तर.

‘वयाचा आजार.’ मणक्याची झीज वयाने होते, खरे आहे. पण भरतीच्या तपासणीत कंबरेची नोंद नसेल, तर आजार सेवेत उद्भवला असे धरायचे. तसे नाही म्हणायचे असेल तर बोर्डाने कारणे लिहायची. सर्वोच्च न्यायालयाने 2013 च्या धरमवीर सिंग निकालात 1982 च्या पेन्शन-पात्रतेच्या नियमांवरून हेच सांगितले. ‘पीस स्टेशनला (शांत भागातल्या ठाण्यावर) सुरू झाला’ एवढ्या एका ओळीला कारण म्हणता येत नाही. अपिलात बोट तिथेच ठेवा. मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत. त्यांनी जुन्या अपिलाची नक्कल करू नये.

‘नवा एमआरआय.’ बहुतेक अपिले इथेच फसतात. आज सोलापुरात काढलेला एमआरआय आजची कंबर दाखवतो, नोकरीतली नाही. लागतात ती जुनी कागदपत्रे: भरतीची वैद्यकीय तपासणी, एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) नोंदी, लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, वैद्यकीय कॅटेगरी कमी केल्याच्या बोर्डाचा कागद, इजा झाली असल्यास इंज्युरी रिपोर्ट, पोस्टिंगची यादी आणि रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत. हाताशी नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे (मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे) दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह माहिती अधिकारात मागा. ती आल्याशिवाय अपिलाचा मजकूर लिहायला बसू नका.

‘सहा महिने उलटले.’ पहिल्या अपिलाची मुदत सहा महिने आहे, पण उशिराचे कारण लिहून माफी मागता येते. पुढे दुसरे अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अपिलावर सहा महिने उत्तरच आले नाही, तरी तिथे जाता येते. उशिराची खरी किंमत थकबाकीत मोजावी लागते: 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार ती साधारणपणे अर्ज करण्यापूर्वीच्या तीनच वर्षांची मिळते.

‘20 टक्के अपंगत्वात काय मिळणार?’ असेही विचारतात. 2023 च्या नियमांपूर्वी निवृत्त झालेल्यांचे 20 टक्के मंजूर झाले, तर राउंडिंगने 50 धरतात. शेवटचा हिशेबी पगार 40,000 असेल तर 100 टक्क्यांना त्याचे 30 टक्के, म्हणजे 12,000. 50 टक्क्यांना 6,000. राउंडिंग नसते तर 2,400. मंजुरीपत्रात राउंडिंग नसेल, तर तेवढ्यासाठीही वेगळा अर्ज करा.

अर्जाच्या नमुन्यासाठी सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि नामंजुरीचे पत्र सोबत न्या.