टोकदार कमान कैरोची, मग गॉथिक कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या उंच, टोकदार कमानींच्या चर्चची बांधकामशैली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘१२व्या शतकात पॅरिसजवळ सँ-दनीच्या मठात टोकदार कमानीचा शोध लागला आणि गॉथिक शैली जन्माला आली.’ त्यावर सरांचं म्हणणं असं: टोकदार कमान कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ८७९ सालीच उभी आहे. फासळ्यांचं (म्हणजे खालून कमानीसारख्या दगडी पट्ट्या दिसणारं) दगडी छत इंग्लंडात डरहॅमच्या चर्चला सँ-दनीच्या आधी झालं. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहात तर कमानही आहे, फासळ्याही आहेत, त्याही हजार वर्षं आधीच्या. म्हणजे गॉथिक हा सगळा उसनवारीचा कारभार, आणि मी उगाच गोऱ्यांची आरती ओवाळतोय.

आरतीचं नंतर बघू. आधी चूक कबूल करतो. ‘शोध लागला’ हे शब्द साफ चुकले. टोकदार कमान इस्लामी जगात कित्येक पिढ्या रुळलेली होती, आणि युरोपातही सँ-दनीच्या आधी पोचली होती. १०८८ मध्ये काम सुरू झालेल्या फ्रान्समधल्या क्लूनीच्या प्रचंड चर्चमध्ये ती होती. डरहॅमचं काम १०९३ ला सुरू झालं आणि तिथल्या फासळ्यांच्या छताबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इथपर्यंत तुमचा कान पकडण्याचा हक्क मला मान्य.

पण पुढची उडी मला झेपत नाही. मी सिव्हिलचा माणूस. इमारत बघितली की मी आधी विचारतो, वजन कुठून कुठे जातंय? डरहॅमच्या आत फासळ्या आहेत, पण भिंती अजून किल्ल्यासारख्या जाड आणि खिडक्या त्या मानाने लहान. छत नवं, भिंत जुनी. सँ-दनीला मठाधिपती सुजेर याने ११४० ते ११४४ या काळात चर्चचा पूर्वेकडचा भाग नव्याने बांधला, त्यात भिंतीचीच गरज कमी केली. वेदीच्या मागून फिरणारा दुहेरी प्रदक्षिणामार्ग, मधे बारीक खांब, बाहेरच्या कडेला सात छोटी देवळं, आणि त्यांच्यात भिंतीऐवजी जवळजवळ खिडक्याच. त्याआधीच्या पद्धतीत प्रत्येक छोट्या देवळाला स्वतःच्या जाड भिंती असत आणि दोन देवळांमध्ये अंधार. सुजेरच्या कारागिरांनी मधल्या भिंती काढल्या आणि रंगीत काचेतला उजेड थेट आत आणला. (वरचा भाग १२३१ नंतर पुन्हा बांधला गेला, आज जुनं दिसतं ते मुख्यतः हा खालचा मार्ग.)

हे जमलं कशाने? इथे टोकदार कमानीकडे परत यावं लागतं. छताचा एक खण (चार खांबांमधला चौकोन) घ्या, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. त्याच्या चारही बाजूंना आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अर्धगोल कमानी टाका. अर्धगोलाची उंची गाळ्याच्या निम्मीच असते, तिथे गवंड्याच्या हातात काही नाही. म्हणजे एक कमान पाच मीटर वर जाणार, दुसरी अडीच, तिरकी साधारण ५.६. तीन कमानी, तीन उंच्या. छत नीट बसवताना नाकी नऊ येतात. टोकदार कमान मात्र अरुंद गाळ्यावरही हवी तेवढी उंच नेता येते, सगळ्यांचे माथे हवे तिथे आणता येतात. आणि प्रदक्षिणामार्गाचे खण तर सगळे वेडेवाकडे, समलंबासारखे. तिथे अर्धगोल कमान घेऊन बसणं म्हणजे डोकेदुखी.

दुसरा फायदा शिडी लावलेल्या कुणालाही कळेल. शिडी जितकी उभी, तितकी पायथ्याशी कमी घसरते. टोकदार कमान ही उभी शिडी. तिचा बाहेरच्या बाजूचा रेटा अर्धगोलापेक्षा कमी. तरी रेटा संपत नाही. तो पुढे चर्चच्या बाहेर उभ्या केलेल्या धिऱ्यांवर नेला आणि मधली पोकळी कमानीनेच ओलांडली, तेच फ्लाइंग बट्रेस. ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या, फ्रान्समधल्याच शार्त्रच्या चर्चचं छत जवळपास ३७ मीटरवर आहे, ते या धिऱ्यांच्या जिवावर. बोव्हे या दुसऱ्या फ्रेंच गावाला हाव सुटली, ४८ मीटर गाठले, १२७२ मध्ये तो भाग पूर्ण झाला आणि १२८४ मध्ये छताचा काही भाग कोसळला. आकडेमोड नव्हती, आधीच्या इमारतीवरून अंदाज होता, आणि अंदाज एकदा तरी गंडणारच.

सुजेरने या बांधकामावर स्वतः लिहून ठेवलंय. सणाच्या दिवशी जुन्या चर्चमध्ये इतकी खेचाखेच व्हायची की बायका पुरुषांच्या डोक्यांवरून वेदीकडे जायच्या, असं तो सांगतो. (आषाढीला पंढरपुरात उभं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.) त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. बांधकाम अर्धवट असताना शार्त्रचा बिशप तिथे प्रार्थना चालवत होता आणि भयंकर वादळ आलं. नुकत्याच बांधलेल्या, खाली ना सेंटरिंग (लाकडी साचा) ना टेकू अशा सुट्या कमानी वर डुलायला लागल्या. बिशपने त्या दिशेने हात उचलून आशीर्वाद दिला, संताचे अवशेष पुढे धरले, आणि कमानी टिकल्या. चमत्कार बाजूला ठेवा. मला त्यात साइट दिसते: फासळ्या आधी, स्वतंत्र, उघड्यावर, मधलं छत नंतर भरायचं. म्हणजे सगळ्या छताला खालून लाकडी साचा लावायची गरज नाही. सुताराचं काम आणि लाकूड, दोन्ही वाचतं.

इथे माझीच आणखी एक चूक, जी तुमच्याही नजरेतून सुटली. ‘फासळ्या छताचा भार वाहतात’ असं मी ठासून लिहिलं होतं. १९व्या शतकात व्हिऑले-ल-द्यूक हा फ्रेंच वास्तुविशारद तसंच सांगे. पण पहिल्या महायुद्धाच्या तोफमाऱ्यात काही ठिकाणी फासळ्या गळून पडल्या आणि वरचं छत जागेवर राहिलं. १९३४ मध्ये पोल अब्राहम या फ्रेंच वास्तुविशारदाने व्हिऑले-ल-द्यूकच्या सिद्धान्तावर जोरदार हल्ला चढवला. तेव्हा फासळ्या बांधताना नक्की कामाच्या. चुना सुकल्यावर त्या किती वाहतात यावर वाद आहे.

आता कार्ला. तिथे मी कितीदा गेलोय याचा हिशेब नाही, आणि छताखालच्या त्या लाकडी फासळ्या पाहून दर वेळी मान दुखेपर्यंत वर बघतो. दोन हजार वर्षांचं लाकूड, सर! पण त्या फासळ्या काहीही उचलत नाहीत. डोंगर पोखरून काढलेल्या पोकळीत त्या लाकडी इमारतीची आठवण म्हणून बसवल्या आहेत. चैत्यगवाक्षाचं (दर्शनी कमानदार खिडकीचं) टोकही कोरलेलं आहे, एकावर एक दगड रचून पेललेलं नाही. तिथे दगड वर चढवायचा प्रश्नच नव्हता, नको तो काढून टाकायचा होता. ती वेगळी विद्या आहे, आणि माझ्या मते अधिक अवघड, कारण चुकलेला घाव परत भरता येत नाही. तिला गॉथिकची आजी म्हणण्याने तिचा मान वाढतो असं मला वाटत नाही.

नावाबद्दल तुम्ही टोमणा मारलात की गॉथ लोकांचा याच्याशी संबंध काय. काहीच नाही. ही चर्चं बांधणाऱ्यांनी त्यांना कधी गॉथिक म्हटलं नाही. १६व्या शतकातल्या इटालियनांना रोमन पद्धत प्यारी. वसारी या इटालियन चित्रकार-लेखकाने १५५० च्या ग्रंथात या शैलीचं खापर रोम लुटणाऱ्या गॉथांवर फोडलं. शिवी होती, ती नाव होऊन चिकटली.

मुंबईच्या व्हीटी स्टेशनला (आताचं सीएसएमटी) ‘नकलेची नक्कल’ म्हणालात. १८७८ ते १८८८ मधलं ते गॉथिकचं पुनरुज्जीवन आहे, यात वाद नाही. तिथे टोकदार कमानी आवड म्हणून आहेत. पण त्या कमानींवरचं पुष्कळ कोरीवकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं आहे. पुढच्या वेळी लोकल सुटली तर एक खांब नीट बघा, मग बोलू.

मूळ लेखातलं वाक्य बदललं आहे. आता तिथे असं आहे: ‘सँ-दनीला ११४४ मध्ये नवीन वस्तू कुठलीच आली नाही, इतरत्र सुट्या असलेल्या कमानी आणि फासळ्या भिंत हलकी करून उजेड आत आणण्याच्या एकाच कामाला लागल्या.’ इब्न तुलूनचं सालही घातलंय, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.