बॅलन्सची बाजू

मालवणजवळच्या देवबागला डॉल्फिन सफारीचे जेवढे फलक मी पाहिले, त्या सगळ्यांवर एकच डॉल्फिन होता. अख्खा पाण्याबाहेर, शेपटीवर उभा, आणि चेहऱ्यावर लग्नात आहेर स्वीकारणाऱ्या यजमानाचं हसू. किनाऱ्यालगत सहसा भेटतो तो वेगळाच. पाठीवर उंचवटा असलेला, राखाडी हम्पबॅक. हा उड्याबिड्यांच्या फंदात फारसा पडत नाही. श्वासापुरता वर येतो, पाठ आणि पराचं टोक दाखवतो, की गडप. एवढंच फलकावर छापलं तर बोटीत कोण बसेल म्हणा!

सफर भल्या सकाळी, कारण तेव्हा समुद्र शांत असतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खवळतं. खारे वारे, मतलई वारे शाळेत घोकून मी मार्क मिळवले होते. तेच वारे पुढे सुट्टीतसुद्धा पहाटे अंथरुणातून उठवतील, हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

बोटीत आम्ही दोघं, पोरं, मेहुणा, मेहुण्याचा कॅमेरा (हा वेगळा माणूसच धरावा, त्याला सीटही वेगळी लागते) आणि बायकोची मावशी. मावशींनी उलटी होऊ नये म्हणून घ्यायची ॲव्होमिनची गोळी साफ नाकारली. "मला काही होत नाही हो." लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांना सक्तीचं. माझं आधीच्या कुणाच्या तरी घामाने अजून ओलं होतं.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बोटीने नाक वर केलं, मग धाडकन खाली. मावशी बोलायच्या थांबल्या. निवतीच्या बाजूला पोचल्यावर तांडेलाने इंजिन बंद केलं. "आता गप बसान रवा. आवाज झालो की तो खाली जाता." बरोबरच आहे, पाण्यात तो कानांवर जगतो. पण तोवर आणखी बोटी तिथे जमल्या, एकीवर तर स्पीकर. मी डॉल्फिन असतो तर थेट लक्षद्वीप गाठलं असतं. वन्यजीव कायद्याने याला पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला बसवलंय. पंक्तीत शांतपणे जेवू देणं मात्र कुणाच्या डोक्यात नाही.

"थंय बघा, थंय!"

सगळी बोट उजवीकडे धावली. बोट कलली. "सगळी एका बाजूक येव नकात!" तांडेल ओरडला. त्याने एकेकाला नजरेने तोललं आणि माझ्यावर थांबला. "तुमी हयसर बसा. बॅलन्साक." अशा रीतीने पूर्ण तिकीट भरून मी बोटीचं वजन झालो. डावीकडे माझ्या सोबतीला मावशी होत्या, कठड्यावरून वाकलेल्या, समुद्राला चहा-बिस्किटं परत करत.

पुढे उजवीकडून नुसतं धावतं वर्णन येत राहिलं. "आला! गेला!" "बाबा, त्या लाटेच्या मागे!" कुठल्या लाटेच्या, ते पोराने सांगितलं नाही. "दोन वाजता, दोन वाजता!" मेहुणा ओरडत होता. घड्याळात तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते. मी मान वळवून वळवून लाइफ जॅकेटांच्या पाठी बघत होतो.

तांडेल तेवढा निवांत. "जाळी फाडता मेलो," तो मला म्हणाला. "आदी ह्येका गाळी घालू. आता ह्येच्यारच घर चालता."

परत आल्यावर घावणे खाताना कॅमेऱ्याची झडती झाली. शेकड्याने फोटो, सगळ्यांत पाणी. एकात काळा ठिपका होता, तो मोठा केल्यावर दुसऱ्या बोटीतल्या कुणाची तरी टोपी निघाली.

तेव्हा मावशींनी तोंड उघडलं.

"मोठा होता हो चांगला. लांब चोच. अगदी माझ्या हाताखालून गेला, फुस्स करून. जवळ एक पिल्लूपण होतं."

टेबलावर शांतता. मेहुण्याने कॅमेरा खाली ठेवला.

"कुठे?"

"डावीकडे. हे होते की बाजूला, पण यांची मान तिकडे."

मी म्हटलं, "मावशी, पुढच्या वेळी गोळी घ्या हं, एवढा त्रास नको."

मावशींनी चटणीत घावण्याचा तुकडा बुडवला. "जावईबापू, गोळी घेतली असती तर दिसला असता का?"